घाटावरून समुद्राखाली

बुलढाणा जिल्ह्यातील कुटुंबाला स्कूबा डायव्हिंगसाठी राज्याबाहेर जावे लागत नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण, तारकर्ली आणि देवबाग हा किनारा पहिल्या अनुभवासाठी पुरेसा आहे. अडचण आहे ती अंतराची. छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर, पुणे, कोल्हापूर असे करत गगनबावडा किंवा फोंडा घाट उतरून मालवण गाठेपर्यंत साडेसातशे किलोमीटरच्या आसपास रस्ता होतो. मुलेबाळे आणि म्हातारी माणसे बरोबर असताना हे अंतर एका दमात तोडण्यात अर्थ नाही. पुण्याला किंवा कोल्हापूरला एक मुक्काम करावाच. रेल्वेने जायचे तर मलकापूर, नांदुरा किंवा शेगावहून मुंबईकडची गाडी धरून पुढे कोकण रेल्वेने कुडाळला उतरता येते. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी सुरू झाला आणि त्यानंतरच विदर्भातल्या माणसाला मालवण खऱ्या अर्थाने आवाक्यात आले. कुडाळपासून मालवण तीसेक किलोमीटर आहे. नागपूर–मडगाव ही विशेष गाडी चालू असेल तर मध्ये गाडी बदलण्याची दगदगही वाचते.

बुलढाण्याला समुद्र नाही, पण खाऱ्या पाण्याची ओळख नाही असे मात्र नाही. पूर्णेच्या काठचा खारपाणपट्टा शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांत पसरलेला आहे आणि तिथल्या विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. लोणारचे सरोवर तर जगात विरळा. उल्कापाताने बेसाल्ट खडकात झालेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे असून त्यातील पाणी खारे आणि तीव्र अल्कधर्मी आहे. त्यात सूक्ष्म शैवाले आणि जिवाणू सुखाने नांदतात, जून २०२० मध्ये तर क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे सगळे पाणी गुलाबी झाले होते; परंतु बुडी मारून पाहावे असे त्यात काही नाही. शिवाय ते अभयारण्य आहे, आणि २०२० पासून रामसर यादीतील पाणथळही. पाण्याखालचे जग डोळ्यांनी पाहायचे तर घाट उतरून कोकणातच जावे लागते.

पोहण्याच्या बाबतीत या जिल्ह्याची शाळा म्हणजे विहीर. पाठीला वाळका भोपळा किंवा रिकामा डबा बांधून पोराला विहिरीत सोडायचे, आणि चार दिवसांनी तो सोडून घ्यायचा, ही रीत अजून पुरती गेलेली नाही. सूर मारून तळाची माती मुठीत आणून दाखवणारी पोरे स्कूबाच्या अर्ध्या विद्येशी नकळत परिचित असतात. खाली जाताना कानात दडा बसतो, दुखते, आणि वर आले की मोकळे होते, हे त्यांना कुणी शिकवावे लागत नाही. घरातली बाकी माणसे, विशेषतः बायका, बहुधा पोहायला शिकलेल्याच नसतात. त्यांच्यासाठी सांगण्यासारखी गोष्ट अशी की पर्यटकांसाठीच्या परिचयात्मक बुडीला पोहता येण्याची अट नसते. प्रशिक्षक शेवटपर्यंत धरून असतो. तरीही पाण्याची मुळातच धास्ती असलेल्या माणसाला भरीला घालून उतरवू नये. पाण्याखाली गोंधळलेला माणूस स्वतःला आणि दुसऱ्यालाही अडचणीत आणतो.

हंगाम ऑक्टोबर ते मे. जूनपासून पावसाळी समुद्र खवळतो, नद्यांचा गाळ किनाऱ्याशी येतो आणि जलक्रीडा बंद ठेवल्या जातात. विदर्भातल्या शाळांना लांब सुट्टी मिळते ती उन्हाळ्यात, म्हणून बुलढाण्याची बहुतेक कुटुंबे मे महिन्यातच कोकणात उतरतात. पाणी पाहण्याच्या दृष्टीने हा महिना सगळ्यांत कच्चा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात वारा पडलेला आणि पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ असते. दिवाळीची किंवा नाताळची सुट्टी यासाठी चांगली. दिवसाची वेळ सकाळची धरावी, कारण दुपारनंतर वारा उठतो आणि लाटा गढूळपणा आणतात.

मालवणची बुडी मुख्यतः सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर होते. कुरटे बेटावरील या किल्ल्याचे बांधकाम २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सुरू होऊन १६६७ मध्ये पूर्ण झाले. तो बांधवणाऱ्या शिवाजी महाराजांच्या आई जिजाऊंचे माहेर सिंदखेड राजा, म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातलेच. किल्ला उभा राहत होता तेव्हा त्या हयात होत्या. सिंदखेडच्या मोती तलावाचे आणि मधोमध इमारत असलेल्या चांदणी तलावाचे बांधकाम पाहिलेल्या माणसाने सिंधुदुर्गात दूधविहीर, दहीविहीर आणि साखरविहीर या तिन्ही विहिरी आवर्जून पाहाव्यात. चारी बाजूंना समुद्र आणि मधल्या बेटावर गोडे पाणी. खारपाणपट्ट्यातल्या माणसाला यातले अप्रूप तटबंदीपेक्षाही जास्त वाटले तर नवल नाही.

किल्ल्याभोवतीचा समुद्र संरक्षित आहे. १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर, पैकी गाभा सव्वातीन चौरस किलोमीटरच्या आत-बाहेर. सिंधुदुर्ग आणि पद्मगड हे किल्ले या गाभ्यात येतात. मासेमारीवर बंधने येतील या भीतीने स्थानिक मच्छीमारांनी अभयारण्याला विरोध केला होता, आणि त्यांच्या बाजूने पाहिले तर तो समजण्यासारखाही होता. गंमत अशी की आज त्याच मच्छीमारांच्या, दांडी आणि देवबाग किनाऱ्यांवरच्या घरांतली तरुण पोरे पर्यटकांना हाताला धरून त्या प्रवाळांवर नेतात. सिंधुदुर्ग हा १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला, तारकर्लीला राज्याच्या पर्यटन महामंडळाने स्कूबा प्रशिक्षणाची संस्था उभारली, आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या सागरी जैवविविधता प्रकल्पातून गावातल्या तरुणांना बुडीचे शिक्षण मिळाले. जाळे ओढणारा हात नळकांडे उचलू लागला तो असा.

स्कूबाचे यंत्र तत्त्वाने साधे आहे. पाठीवरच्या धातूच्या नळकांड्यात नेहमीचीच हवा सुमारे २०० पट दाबाने कोंडलेली असते. लोक त्याला सर्रास ‘ऑक्सिजन सिलिंडर’ म्हणतात, ते चूक. शुद्ध ऑक्सिजन सहा-सात मीटरच्या खाली विषारी ठरू शकतो. नळकांड्यातली हवा थेट फुप्फुसात घेता येत नाही. तिचा दाब भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतका करून, आणि माणूस श्वास ओढील तेवढ्याच वेळी, ती तोंडात सोडणारी झडप म्हणजे रेग्युलेटर. फ्रान्समध्ये १९४३ साली झाक कुस्तो या नौदल अधिकाऱ्याने आणि एमिल गान्यां या अभियंत्याने अशी झडप यशस्वी करून दाखवली आणि पाण्याखाली मोकळे फिरणे सामान्य माणसाच्या हाती आले. युद्धकाळात इंधनाची टंचाई होती. मोटारी कोळशाच्या वा लाकडाच्या वायूवर चालवण्यासाठी गान्यांने जी झडप बनवली होती, तिचाच हा पुढचा अवतार. याशिवाय नाकासकट डोळे झाकणारा मुखवटा, हवा भरून वा सोडून तरंगणे-बुडणे सांभाळणारे जाकीट, कमरेला शिशाची वजने आणि पायात पंख. परिचयात्मक बुडीत पर्यटकाला पंख बहुधा देत नाहीत, कारण नवखा माणूस त्यांनी प्रवाळ मोडतो.

शरीराचा प्रश्न दाबाचा. समुद्राच्या पृष्ठभागावर माणसावर हवेचा एक वातावरण इतका दाब असतो. पाण्यात दर दहा मीटरला तेवढाच दाब वाढतो. म्हणजे दहा मीटरवर दुप्पट, वीस मीटरवर तिप्पट. रॉबर्ट बॉईलने १६६२ मध्ये मांडलेला नियम अकरावी-बारावीच्या पुस्तकात असतो: दाब दुप्पट झाला की वायूचे आकारमान निम्मे. या नियमाचा प्रत्यय पहिल्यांदा कानात येतो. कानाच्या पडद्यामागे हवा असते. दीड-दोन मीटरवरच ती आकसते आणि पडदा आत ओढला जातो. अशा वेळी मुखवट्यावरून नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, हलकेच फुंकले की घशातून हवा मधल्या कानात जाते आणि दडा सुटतो. हे दुखायला लागल्यावर नव्हे, दुखायच्या आधी आणि दर मीटरला करायचे. जोर मुळीच लावायचा नाही. सर्दी झालेल्याच्या नळ्या सुजलेल्या असतात, त्यांतून हवा जात नाही. म्हणून सर्दी असेल तर बुडी नाही. औषधाची गोळी घेऊन उतरणे हा त्यावरचा उपाय नव्हे. खाली असताना गोळीचा अंमल उतरला तर वर येताना कानातली हवा अडकते.

दुसरा धोका जास्त गंभीर आणि टाळायला जास्त सोपा. दहा मीटरवर छातीभर घेतलेली हवा पृष्ठभागावर आणली तर तिचे आकारमान दुप्पट होते. मधल्या काळात श्वास कोंडून धरला तर फुप्फुसाला इजा होते. विहिरीत बुडी मारणाऱ्याला श्वास धरायची सवय असते. त्याचे काही बिघडत नाही, कारण त्याने हवा वरूनच नेलेली असते. ती खाली आकसते आणि वर येताना मूळ पदावर येते. नळकांड्यातून खाली श्वास घेणाऱ्याचे तसे नाही. म्हणूनच पट्टीच्या पोहणाऱ्यालाही किनाऱ्यावर पहिला धडा हाच दिला जातो: श्वास सतत चालू ठेवायचा, तोंडाने घ्यायचा आणि तोंडाने सोडायचा.

कुटुंबात कोण उतरू शकते हे वयापेक्षा प्रकृतीवर ठरते, पण वयाची खालची मर्यादा आहे. पाडी या आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण संस्थेच्या नियमानुसार खुल्या समुद्रातील परिचयात्मक बुडीसाठी किमान वय १० वर्षे आणि कमाल खोली १२ मीटर. आठ आणि नऊ वर्षांच्या मुलांना तलावासारख्या बंदिस्त पाण्यात दोन मीटरपर्यंतच नेतात. ‘आमचा आठ वर्षांचा आहे पण धीट आहे’ हे वाक्य मालवणच्या जेटीवर वारंवार ऐकू येते. धीटपणाचा आणि कानाच्या नळीच्या रुंदीचा काही संबंध नाही. दमा, फिट येणे, हृदयविकार, कानाच्या पडद्याला छिद्र, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांपैकी काही असेल तर डॉक्टरांच्या लेखी परवानगीवाचून उतरू नये, आणि गरोदर स्त्रीने तर उतरूच नये. बुडीपूर्वी भरून घेतलेल्या प्रश्नावलीत या गोष्टी विचारलेल्या असतात. घाईत सगळीकडे ‘नाही’वर खूण करून सही ठोकण्याची आपल्याकडची सवय इथे महागात पडू शकते. आजी-आजोबांसाठी काचेच्या तळाची होडी किंवा किनाऱ्यालगतचे स्नॉर्केलिंग आहे, त्यात कमीपणा नाही. आठ-नऊ वर्षांच्या नातवंडांनाही जाकीट घालून तेच पुरते.

प्रत्यक्ष बुडी अशी होते. जेटीवर किंवा दांडीच्या वाळूत नाव नोंदवून मंडळी होडीत बसतात. किल्ल्याच्या तटाला वळसा घालून होडी नांगर टाकते. होडीला धरून, नाक पाण्याबाहेर न काढता, नुसत्या तोंडाने श्वास घेण्याचा सराव होतो. सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो आणि जावा. मुखवट्यात थोडे पाणी शिरले की नवखा माणूस दचकून नाकाने श्वास ओढतो, ठसका लागतो, तो रेग्युलेटर थुंकून वर झेपावतो. दोन-तीनदा असे झाल्यावर लय सापडते. मिशा असलेल्या पुरुषांच्या मुखवट्यात पाणी जास्त झिरपते, कारण रबर कातडीला नीट चिकटत नाही. मग खुणा. अंगठा आणि तर्जनीचे वर्तुळ म्हणजे सगळे ठीक. हाताचा पंजा आडवा हलवला म्हणजे काहीतरी अडचण. अंगठा वर केला म्हणजे ‘मस्त’ नव्हे, तर ‘वर घेऊन चला’. पोरे फोटोसाठी हौसेने अंगठा दाखवतात आणि प्रशिक्षक त्यांना खरोखरच वर घेऊन येतो. त्यानंतर पाण्याखाली मिळणारा वेळ पंधरा-वीस मिनिटांचा आणि खोली बहुधा दहा मीटरच्या आतली.

पाण्याखाली इंद्रिये वेगळी वागतात. मुखवट्याच्या काचेतून वस्तू एक तृतीयांशाने मोठी आणि एक चतुर्थांशाने जवळ दिसते. हात पुढे केला की तो माशापर्यंत पोचत नाही. आवाज पाण्यात हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने जातो, त्यामुळे होडीचे यंत्र ऐकू येते पण कोणत्या बाजूला ते उमगत नाही. तांबडा रंग पहिल्या काही मीटरांतच फिका पडतो. लाल स्विमसूट खाली तपकिरी दिसतो. पाणी अंगाची ऊब हवेपेक्षा वीस-पंचवीस पट वेगाने ओढून घेते. मलकापूर-नांदुऱ्याच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात वाढलेली मुले २७ अंशांच्या समुद्रात वीस मिनिटांनी कुडकुडतात ती यामुळेच.

मालवणच्या पाण्याकडून लक्षद्वीपची अपेक्षा करू नये. इथली नजर चांगल्या दिवशी आठ-दहा मीटर पोचते, बेताच्या दिवशी तीन-चार. प्रवाळही फांद्यांच्या झाडीसारखे कमी, खडकाला बिलगलेले गोलसर आणि पसरट जास्त. गढूळ पाणी सोसणाऱ्या जातीच इथे टिकल्या आहेत आणि हेच या किनाऱ्याचे वैशिष्ट्य आहे. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे सार्जंट मासे थव्याने अंगाशी येतात. फुलपाखरू मासे जोडीने फिरतात. कपारीत गोबरा तोंड उघडे ठेवून बसलेला असतो. ताटातल्या तळलेल्या तुकडीवरूनच त्याला ओळखणाऱ्यांना तो इतका देखणा असेल असे वाटत नाही. समुद्री काकडी, काळ्या लांब काट्यांचे अर्चिन, खडकाला चिकटलेली कालवे, नशीब असेल तर वाळूत अर्धे गाडून घेतलेले पाकट. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, चुन्याचे घर बांधणाऱ्या लाखो सूक्ष्म प्राण्यांची वस्ती आहे, हे मुलांना आधीच सांगून ठेवले तर ती जास्त सावधपणे वागतात.

मोठ्यांना सांगणे अवघड. छायाचित्रात मासे भरपूर यावेत म्हणून काही होड्यांवरून पाव आणि बिस्किटे पाण्यात चुरली जातात. त्याने मासे गोळा होतात हे खरे, पण जे मासे खडकावरचे शैवाल खरवडून प्रवाळाला मोकळा श्वास देतात ते बिस्किटाच्या नादी लागले की खडक हिरवा पडत जातो. फोटोसाठी प्रवाळावर उभे राहणे हे तर उघड नुकसान. वर्षाला काही मिलिमीटर वाढणारी वसाहत एका टाचेखाली मोडते. सगळे कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेत येतात. किनाऱ्यावर सापडलेला मेलेला तुकडा खामगावच्या दिवाणखान्यात ठेवण्यासाठी पिशवीत टाकणे हाही गुन्हाच आहे.

होडीची निवड दरापेक्षा महत्त्वाची. २४ मे २०२२ रोजी स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट तारकर्लीजवळ उलटली आणि दोन पर्यटक मृत्युमुखी पडले. लक्षात घ्यायची गोष्ट ही की दुर्घटना पाण्याखाली झाली नाही, परतीच्या होडीत झाली, आणि मेच्या अखेरीस, वारा चढलेला असताना झाली. होडीवर प्रत्येकाला पुरतील इतकी जीवरक्षक जाकिटे आहेत का आणि ती अंगावर घातली जातात का, माणसे क्षमतेपेक्षा जास्त भरली आहेत का, एका प्रशिक्षकाकडे पाण्याखाली एकच नवखा आहे का, बंदर विभागाची परवानगी आहे का, हे चार प्रश्न विचारायला दोन मिनिटे लागतात. उत्तर देताना कुणी चिडला तर पुढच्या होडीकडे वळावे. मालवणात होड्यांना तोटा नाही.

पहिल्या बुडीने गोडी लागलीच तर पुढचा टप्पा तीन-चार दिवसांच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमाचा. त्यानंतर १८ मीटरपर्यंत जोडीदारासह उतरता येते, आणि मुरुडेश्वरजवळचे नेत्राणी बेट, अंदमानातील स्वराज द्वीप, लक्षद्वीप ही दारे उघडतात. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत असलेले आंग्रिया बँक हे बुडालेले प्रवाळ पठार मात्र अभ्यासकांच्या मोहिमांचाच प्रांत आहे. निवती रॉकजवळ ‘गुलदार’ ही नौदलातून निवृत्त झालेली नौका बुडवून कृत्रिम प्रवाळभिंत करण्याची योजना राज्याने हाती घेतली असून त्यासाठी २०२५ मध्ये ती पर्यटन महामंडळाच्या ताब्यात आली.

राहिला परतीचा प्रवास. बुलढाण्याच्या माणसाने सर्वांत जास्त लक्ष द्यायला हवे ते इथेच, आणि सहलीच्या आखणीत नेमके हेच कुणी धरत नाही. दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळतो आणि वर आल्यावर तासन् तास हळूहळू बाहेर पडतो. तेवढ्यात माणूस उंचीवर गेला, म्हणजे हवेचा दाब कमी झाला, तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. सांधे दुखणे, बधिरपणा, चक्कर ही त्याची लक्षणे. म्हणून एका बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास विमानप्रवास करू नये असा संकेत आहे, आणि तो सुमारे ६०० मीटरपासून पुढच्या उंचीला लागू धरला जातो. आंबोली ६९० मीटरवर आहे, गगनबावड्याचा माथाही त्याच पट्टीतला, आणि खुद्द बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर साडेसहाशे मीटरच्या आसपास. पंधरा मिनिटांच्या उथळ बुडीत विरघळणारा नायट्रोजन थोडा असतो आणि धोकाही थोडाच, पण सकाळी बुडी, दुपारी माशाचे जेवण आणि लगेच गाडी घाटाला लावायची, हा बेत चुकीचाच. रेल्वेने परतणाऱ्याला कसारा घाट चढेपर्यंत बहुधा पुरेसा वेळ मिळून जातो. मोटारीने परतणाऱ्याला मिळत नाही. मालवणला निदान दोन रात्रींचा मुक्काम धरावा, बुडी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उरकावी, किल्ला आणि बाजार त्यानंतर ठेवावा, आणि घाट तिसऱ्या दिवशी चढावा.